नदीकाठची झाडे (भाग ४) : घेर काय सांगतो?

गेल्या आठवड्यात पांझरेकाठच्या झाडांची ओळख करून घेतली : करंज, उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा, चिंच, हिवर, शिंदी. यादी भरगच्च आहे, पण यादीवरून काठाची प्रकृती कळत नाही. शंभर झाडांत दहा जाती, प्रत्येकीची दहा झाडे, हे एक रान. एक्क्याण्णव सुबाभळी आणि उरलेल्या नऊ जातींचे एकेक झाड, हे दुसरे. जाती दोन्हीकडे दहाच. म्हणून जातींबरोबर त्यांची वाटणीही मोजावी लागते.

त्याहून बोलका असतो घेर. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, खोडाला टेप लावायची. धडधाकट रानात बारीक खोडे सर्वांत जास्त, मध्यम त्याहून कमी आणि जुने वृक्ष मोजके निघतात. नदीकाठी काही जाती मोठ्या पुरानंतर एकदम रुजतात, त्यामुळे चार-दोन वर्षांची पोकळी चालते. एखाद्या जातीचे फक्त म्हातारे वृक्ष उरले असतील, तर मात्र काळजी करावी.

करंजाच्या शेंगा पाण्यावर तरंगत जातात आणि गाळात रुजतात. त्यासाठी पूर हवा, मऊ काठ हवा. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले. शेंगेने टेकायचे कुठे? जळगावजवळ गिरणेचे दुखणे निराळे आहे. १९६९ साली पूर्ण झालेल्या गिरणा धरणाने पूर अडवले, वाळूउपशाने पात्र खोल गेले आणि काठाचे पाणी खाली उतरले. जुना उंबर खोल मुळांवर तग धरतो. वीतभर मुळाचे रोप मात्र खानदेशातला ४५ अंशांचा मे महिना काढू शकत नाही.

अशा जागी वेडी बाभूळ फोफावते. शेळ्या शेंगा खातात, पाल्याला तोंड लावत नाहीत, आणि लेंड्यांतून बी पसरत जाते. जुन्या काठावर वर उंबर, मध्ये भोकर, खाली निरगुडी असे मजले असत. वेड्या बाभळीच्या जाळीत एकच मजला उरतो. लांबून हिरवे दिसते म्हणून त्याला वनराई म्हणणे मला पटत नाही.

पांझरेवरच्या फड पद्धतीच्या जुन्या बंधाऱ्यांचा इथे विचार व्हायला हवा. पाटांच्या पाझराने जमीन ओली राहते, रोपाला उन्हाळा निघतो. शेतीसाठी बांधलेली ही व्यवस्था झाडांचीही दाई ठरते. ते बंधारे सांभाळणे हेही वृक्षसंवर्धनच आहे.

राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले. पण त्या वारशाचे वारस वीतभर उंचीचे असतात आणि त्यांची गणना होत नाही.

म्हणून धुळे-जळगावच्या वाचकांना विनंती : यंदा पावसाळ्यात नवे खड्डे घेण्याआधी काठावर आपोआप उगवलेली करंज-उंबराची रोपे शोधा आणि त्यांना काट्यांचे कुंपण करा.