पायथ्यापासून रायगड : पाचाडच्या अवशेषांतून एक पदभ्रमण

प्रास्ताविक :
दुर्गाभ्यास म्हणजे माथ्यावरील वास्तूंचा अभ्यास, असा समज महाविद्यालयीन अभ्यास-सहलींतही रूढ झालेला दिसतो. १९९६ मध्ये रायगडावर रज्जुमार्ग सुरू झाल्यापासून माथा काही मिनिटांत गाठता येतो. परिणामी पायथ्याचे पाचाड गाव मागेच राहते. प्रस्तुत लेखात पाचाड ते महादरवाजा या पायी प्रवासाच्या आधारे गड व गाव यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पाचाडचे अवशेष :
महाडपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील या गावात शिवाजी महाराजांनी जिजाबाईंसाठी वाडा बांधला. गडावरील थंड वारा त्यांना मानवत नसे, असे परंपरा सांगते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी गावातच आहे. वाड्याचे लाकूडकाम व छप्पर काळाच्या ओघात नाहीसे झाले. तटबंदी, जोती आणि विहिरी तेवढ्या उरल्या. जोत्यांवरून दालनांची मांडणी व विहिरींवरून पाण्याची व्यवस्था यांचा अंदाज बांधता येतो. ‘तक्क्याच्या विहिरी’वर दगडी तक्क्या आहे, हा पुरावा होय, महाराज तेथे बसून ग्रामस्थांशी बोलत, ही आख्यायिका होय. या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांना वर्गापेक्षा येथे अधिक चांगला उमगतो.

गडाची वाट :
चित दरवाज्यापासून हजाराहून अधिक पायऱ्या चढताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पाणी गंगासागर, हत्ती तलाव यांत साठविता येई; परंतु धान्य खालच्या मुलखातूनच वर न्यावे लागे. दोन बुरुजांच्या आड दडलेला महादरवाजा शत्रूला रोखी, तसाच या वाहतुकीवरही लक्ष ठेवी. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत गडावरील वाडे भस्मसात झाले. त्यामुळे माथ्यावरही आज मुख्यतः जोतीच दिसतात. पाचाडला शिकलेली वाचनपद्धती तेथे उपयोगी पडते.

समारोप :
२०२५ मध्ये युनेस्कोने रायगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने. भूप्रदेश म्हटले की पायथ्याचे गाव त्यातून वगळता येत नाही. म्हणून सहलीतील पहिला अर्धा दिवस पाचाडला द्यावा, वाड्याचा आराखडा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा आणि मगच पायऱ्या चढाव्यात. राजधानीचा भार कोणी वाहिला, हे त्या चढणीवरच कळते.