नकाराची तीस हजार पत्रे

उधारीची वही ही दुकानदाराची खाजगी वस्तू मानली जाते. कोणत्या घरातून पहिल्या तारखेला पैसे येतात आणि कोणत्या घराची महिनाअखेरीस ओढाताण होते, हे त्या वहीला ठाऊक असते. ती गल्ल्याखालच्या खणात असते, तोवर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातील तो विश्वासाचा व्यवहार असतो. तीच वही नकलून गावातील सर्व दुकानदारांना विकली गेली तर काय होईल? दुकानदारांची सोय होईल हे खरे. परंतु ज्या घरांची नावे तीत आहेत, त्यांना कोणी विचारले होते काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील चॅटनूगा या शहरात किराणा दुकान चालविणाऱ्या केटर वूलफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिऱ्हाइकांच्या पतीची अशी यादी तयार केली होती. पुढे १८९९ साली बंधू गाय यांच्यासह त्यांनी अटलांटा येथे ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ स्थापन केली. वेळेवर देणारा, उशिरा देणारा, रोखीनेच व्यवहार करावा असा, या धर्तीच्या नोंदींचे पुस्तक व्यापाऱ्यांना विकणे हा तिचा उद्योग. काळाबरोबर पुस्तकाच्या फायली झाल्या आणि फायलींचा संगणकीय साठा झाला. नागरिकांविषयीच्या या फायलींत काय काय लिहिले जाते, याबद्दल अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९७० साली ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ हा कायदा संमत झाला. स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा आणि चुकीच्या नोंदीस हरकत घेण्याचा हक्क त्याने नागरिकास दिला. १९७५ मध्ये कंपनीने नाव बदलले. ते नाव म्हणजे इक्विफॅक्स.

बारा कोटी माणसे, एक तबकडी

बँकांच्या संगणकीकरणाचा आरंभकाळ ज्यांनी पाहिला, त्यांना ‘लोटस १-२-३’ हे नाव आठवेल. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरने लोटस डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी नावारूपास आली. एप्रिल १९९० मध्ये तिने इक्विफॅक्सच्या साहाय्याने एका नव्या उत्पादनाची घोषणा केली. त्याचे नाव ‘लोटस मार्केटप्लेस : हाउसहोल्ड्स’. सीडी-रॉम तबकड्यांवर आठ कोटी अमेरिकी कुटुंबांतील सुमारे बारा कोटी व्यक्तींची माहिती साठविण्याची ती योजना होती. नाव, पत्ता, वयोगट, वैवाहिक स्थिती, उत्पन्नाचा अंदाज आणि खरेदीच्या सवयी असे तिचे स्वरूप होते. मूळ संचाची किंमत ६९५ डॉलर ठरली होती आणि त्यात पाच हजार नावे वापरण्याची मुभा होती.

कंपनीची बाजूही ऐकण्यासारखी होती. अशा याद्या त्यापूर्वीही विकल्या जातच होत्या. परंतु मोठे संगणक बाळगणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाच त्या परवडत. लहान दुकानदारालाही आपल्या परिसरातील संभाव्य गिऱ्हाईक शोधता यावे, एवढाच आपला हेतू आहे, असे लोटसचे म्हणणे होते. तबकडीत दूरध्वनी क्रमांक नव्हते, कर्जफेडीचा प्रत्यक्ष तपशील नव्हता. ज्यांना नाव नको असेल, त्यांनी कळवावे. ते वगळले जाईल, असेही आश्वासन देण्यात आले.

येथेच खरी मेख होती. छापील यादी जुनी होते, फाटते, हरवते. तबकडी एकदा विकली गेली की ती परत बोलावता येत नाही. नाव वगळण्याची विनंती पुढच्या आवृत्तीत अमलात येईल. परंतु आधीच्या आवृत्तीतले नाव ज्याच्या संगणकात पोहोचले, त्याच्या इच्छेवर राहील. शिवाय संमती कोणी कोणाकडे मागावयाची, हा क्रमच येथे उलटा झाला होता. मालकाने दार उघडण्याची वाट न पाहता आत शिरावयाचे आणि नको असेल तर हाकलून द्या, असे म्हणावयाचे, तशातला हा प्रकार होता.

न भेटलेल्यांची सभा

१९९० साली वर्ल्ड वाइड वेब सर्वसामान्यांसाठी खुले झालेले नव्हते. विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि काही कंपन्या यांतील माणसे संगणकांच्या जाळ्यावरून ई-पत्रे पाठवीत, यूजनेटवरील विषयवार गटांतून चर्चा करीत. त्यांतील बहुतेकांनी परस्परांना कधी पाहिलेले नव्हते. ‘कॉम्प्युटर प्रोफेशनल्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेनेही या योजनेस विरोध केला. लोटसचा पत्ता आणि कंपनीचे प्रमुख जिम मॅन्झी यांचा ई-पत्ता एका गटातून दुसऱ्या गटात पोहोचला. आपले नाव वगळावे, अशी मागणी करणाऱ्यांची संख्या पाहता पाहता तीस हजारांच्या घरात गेली.

२३ जानेवारी १९९१ रोजी लोटस आणि इक्विफॅक्स यांनी हे उत्पादन मागे घेत असल्याचे जाहीर केले. ग्राहकाच्या हाती एकही तबकडी पडण्यापूर्वी ती योजना संपली. त्याच वर्षी इक्विफॅक्सने पतमाहितीच्या आधारे जाहिरातदारांसाठी याद्या तयार करून विकण्याचा व्यवसायही थांबविला. न्यायालयाचा आदेश नव्हता, मोर्चा नव्हता. सामान्य माणसांच्या पत्रांनी हे घडविले.

बारा कोटींपुढे तीस हजार ही संख्या फार मोठी नाही. तरीही ती पुरेशी ठरली, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. उत्पादन ठळकपणे डोळ्यांसमोर होते, ते अद्याप विकले गेले नव्हते, आणि नकार कोणाला कळवावयाचा, तो पत्ता सर्वांना ठाऊक होता. नकार वेळेवर आणि योग्य दारी पोहोचला.

या सभेची दुसरी बाजूही आहे. लॉरा गुराक यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून १९९७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी फिरलेल्या संदेशांत चुकीचीही माहिती होती आणि ती न तपासता पुढे पाठविली जात होती, असे त्यांनी दाखवून दिले. समान मताची माणसे एकत्र आली की एकमेकांचे म्हणणे तपासून पाहण्याची गरज त्यांना वाटेनाशी होते. आज भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ‘आत्ताच पुढे पाठवा’ छापाच्या तंत्रवार्तांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. हेतू चांगला असला, म्हणून बातमी खरी ठरत नाही.

दुरुस्ती हाती असूनही

या कथेचा उत्तरार्ध सव्वीस वर्षांनी घडला. इक्विफॅक्सच्या एका संकेतस्थळासाठी ‘अपाचे स्ट्रट्स’ हे सॉफ्टवेअर वापरले जात होते. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते आणि जगभरातील प्रोग्रामर मंडळी स्वेच्छेने तिची निगा राखतात. मार्च २०१७ च्या पहिल्या आठवड्यात त्यातील एक गंभीर दोष उघड झाला. त्या मंडळींनी दोष जाहीर केला आणि त्यावरील दुरुस्तीही सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. कोणाचे वेतन न घेणाऱ्या या समाजाने आपले काम चोख केले होते.

दुरुस्ती बसविण्याचे काम मात्र वापरणाऱ्याचे असते. इक्विफॅक्सच्या त्या संकेतस्थळावर ती बसविली गेली नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, ७६ दिवस, परक्यांचा वावर तेथे चालू होता. जाळ्यावरील संशयास्पद हालचाल टिपणाऱ्या यंत्रणेचे सुरक्षा-प्रमाणपत्र १९ महिने आधीच कालबाह्य झालेले असल्याने तिला काही दिसत नव्हते. नवे प्रमाणपत्र बसविताच संशयास्पद हालचाल ध्यानात आली. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. ७ सप्टेंबर २०१७ रोजी कंपनीने हा प्रकार जाहीर केला. अंतिम गणनेनुसार सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली होती. नावे, जन्मतारखा, पत्ते आणि अमेरिकी नागरिकाच्या ओळखीचा आधार असलेला सोशल सिक्युरिटी क्रमांक यांचा तीत समावेश होता. कंपनीचे प्रमुख रिचर्ड स्मिथ त्याच महिन्यात पायउतार झाले. ही घटना पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने डिसेंबर २०१८ च्या अहवालात नोंदविला. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे कंपनीने मान्य केले.

१९९१ मध्ये लोकांनी जी माहिती तबकडीवर जाऊ दिली नाही, त्याहून कितीतरी नाजूक माहिती २०१७ मध्ये कोणालाही न विचारता बाहेर गेली. या वेळी नकार कळविण्यास पत्ताच नव्हता. ज्यांची माहिती गेली, त्यांपैकी अनेकांचा या कंपनीशी थेट असा कोणताही व्यवहार नव्हता. त्यांनी कधी तरी कोठे तरी कर्ज घेतले होते, एवढाच त्यांचा संबंध. साठवलेली माहिती ही ठेवीसारखीच असते. ती दुसऱ्याची असते, परत मागता येईल अशा विश्वासाने दिलेली असते, आणि तिजोरीला कुलूप लावण्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची असते. बँकेतील प्रत्येकास हे तत्त्व रोकडीच्या बाबतीत अंगवळणी पडलेले आहे. माहितीच्या बाबतीतही ते तितकेच अंगी बाणणे आवश्यक आहे.

आपल्याकडील चित्र

इक्विफॅक्सच्या घोषणेच्या बरोबर दोन आठवडे आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे त्याचे सूत्र आहे. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीप्रमाणेच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही वाचता यावी, अशी तरतूद त्यात आहे. मराठी ही त्यांपैकी एक. न कळणाऱ्या भाषेतील मजकुराखाली दिलेल्या होकाराला संमती म्हणणे कठीणच होते.

पतमाहितीच्या क्षेत्रात भारतात चार कंपन्या काम करतात. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत-अहवाल या प्रत्येक कंपनीकडून विनामूल्य मिळविण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकास दिला आहे. आपला अहवाल कोणी पाहिल्यास त्याची सूचना लघुसंदेशाने अथवा ई-पत्राने ग्राहकास मिळावी, आणि चुकीच्या नोंदीविषयीची तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई द्यावी, हे नियम २०२४ पासून लागू झाले.

डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घातलेले बंधनही प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावे असे आहे. ग्राहकाच्या भ्रमणध्वनीतील फाइली, छायाचित्रे, संपर्कयादी वा संभाषणांच्या नोंदी अशा ॲपने पाहू नयेत. ओळख पटविण्यासाठी कॅमेरा किंवा ठिकाणाची माहिती हवी असल्यास ती एकदाच आणि स्पष्ट संमतीने घ्यावी. कर्जासाठी संपूर्ण संपर्कयादी मागणारे ॲप हे उधारीच्या वहीबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पत्तेही मागणाऱ्या दुकानदारासारखे आहे. कर्ज एकाने घ्यावयाचे आणि नावे शंभरांची द्यावयाची, असा हा सौदा होतो. त्या शंभरांना तर कोणी विचारलेलेही नसते.

नियम आहेत, परंतु नियम वापरणारा ग्राहक नसेल, तर ते कागदावरच राहतात. १९९१ च्या त्या तीस हजारांनी काही विशेष पराक्रम केला नव्हता. त्यांनी बातमी वाचली, आपल्याशी तिचा काय संबंध आहे हे ओळखले आणि योग्य पत्त्यावर दोन ओळी लिहिल्या. आजच्या ग्राहकाजवळ त्याहून अधिक साधने आहेत. वर्षातून एकदा पत-अहवाल मागवून त्यातील प्रत्येक खाते आपलेच आहे ना, हे पडताळावे. नको असलेल्या ॲपची परवानगी काढून घ्यावी. सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती आल्याची सूचना ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला सारू नये. कोणी तरी जागून शोधलेली ती दुरुस्ती असते. एखादी खळबळजनक तंत्रवार्ता पुढे पाठविण्याआधी ती खरी आहे ना, हे पाहण्यासाठी दोन मिनिटे थांबावे. आणि पडद्यावर ‘मान्य आहे’ असे बटण समोर आले, की आपल्या उधारीच्या वहीचे पान आता कोणाच्या हाती जाणार आहे, हा प्रश्न स्वतःस एकदा तरी विचारावा.