दाणा राखा, फोलपट पाखडा

सन २००५ मधील गोष्ट. आखातात नोकरीस असलेले आमचे धाकटे काका रजेवर पेडणे तालुक्यातील आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी एक छोटासा डिजिटल कॅमेरा बरोबर आणला होता. त्यात फिल्म नाही, धुलाईचा खर्च नाही, याचेच आम्हा सर्वांस अपार कौतुक. गावच्या कपेलचे फेस्त तोंडावर आले होते. परंतु कॅमेऱ्यातील कार्ड अवघे सोळा मेगाबाईटचे. छायाचित्रे पूर्ण आकारात घ्यावीत तर त्यावर सहा-सातच मावत. सर्वांत लहान आकारात घेतली तर शंभराच्या घरात.

“काका, लहान आकारच लावा ना! म्हणजे सगळ्यांचे फोटो येतील,” मी आग्रह धरला. काकांनी तसे केले. फेस्ताच्या दिवशी मिस, लदीन, पाहुणे, फटाके, सारे काही टिपून झाले. त्यांतच एक छायाचित्र आमच्या व्हडल्या मायचे होते. बल्कांवात बसलेली, हातात जपमाळ, आणि कोणाच्या तरी बोलण्यावर मनापासून हसणारी. एरवी कॅमेरा पाहिला की ती पदराने तोंड झाकून घेत असे.

चार वर्षांनी व्हडली माय देवाघरी गेली. सातव्या दिवसाच्या मिसेसाठी तेच छायाचित्र मोठे करून घ्यावे असे सर्वांच्या मनात आले. मी ते घेऊन म्हापशाच्या एका स्टुडिओत गेलो. तेथील गृहस्थांनी चित्र पडद्यावर मोठे करून दाखविले मात्र, माझा चेहरा उतरला. जपमाळेचे मणी कोठेच दिसेनात. डोळ्यांच्या जागी चौकोनी ठिपके तेवढे उरले होते. “बाब, जे यात मुळी उतरलेच नाही, ते मी कोठून आणू?” ते हळहळून म्हणाले. दोष त्यांचा नव्हता. दोष माझ्या चुकीच्या काटकसरीचा होता.

वाचकहो, कणगीत जागा अपुरी पडली म्हणून कोणी शेतकरी भाताच्या प्रत्येक दाण्याचे दोन तुकडे करीत नाही. तो भात पाखडतो, फोलपट टाकून देतो आणि भरलेला दाणा सबंध ठेवतो. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट वागतो. जागा वाचविण्यासाठी चित्र लहान करतो आणि निरुपयोगी चित्रांचा ढीग तसाच सांभाळतो.

चित्र बनते कशाचे?

डिजिटल छायाचित्र हे बारीक रंगीत बिंदूंनी भरलेले असते. या बिंदूस पिक्सेल म्हणतात. दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. सन १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हा त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते आणि ते चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. आज साध्या मोबाईलचा कॅमेराही बारा मेगापिक्सेलचे, म्हणजे आडवे ४००० व उभे ३००० बिंदूंचे चित्र क्षणार्धात देतो.

कागदावर चित्र स्वच्छ उमटावयास दर इंचात सुमारे ३०० बिंदू असावेत, असा साधारण हिशेब आहे. त्यानुसार अल्बममधील सहा बाय चार इंची छायाचित्रास १८०० गुणिले १२०० बिंदू पुरतात. दहा बाय आठ इंची तसबिरीस ३००० गुणिले २४०० लागतात. आमच्या व्हडल्या मायचे चित्र ६४० गुणिले ४८० बिंदूंचे होते. तेच बारा इंच रुंद केले तेव्हा दर इंचाच्या वाट्यास पन्नासच्या आसपास बिंदू आले. मग मणी दिसावेत कसे?

यावरून असे दिसून येईल की घरगुती उपयोगास बारा मेगापिक्सेल भरपूर होतात. काही मोबाईलमध्ये पन्नास किंवा त्याहून अधिक मेगापिक्सेलची सोय असते. ती नित्य चालू ठेवल्यास जागा कितीतरी पट अधिक खर्ची पडते आणि भिंतीवरील तसबिरीत फरक क्वचितच दिसतो.

ज्यांच्यापाशी स्वतंत्र कॅमेरा आहे त्यांना आणखी एक निवड करावी लागते, ती दर्जाची. सन १९९२ पासून मान्यता पावलेली जेपेग नावाची पद्धत डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारकावे गाळून चित्राचा भार हलका करते. दर्जा हलका ठेवला की गाळणी अधिक होते, आणि एकदा गाळलेले परत मिळत नाही. म्हणून आकार ‘लार्ज’ व दर्जा ‘फाईन’ ठेवणे हेच शहाणपणाचे होय.

जागा खाते कोण?

बारा मेगापिक्सेलचे एक छायाचित्र साधारणतः चार मेगाबाईट जागा घेते. बत्तीस गिगाबाईटच्या कार्डावर अशी सात हजारांहून अधिक चित्रे मावू शकतील. मग मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, ऐन वेदीसमोर, मोबाईल ‘जागा शिल्लक नाही’ असे का सांगतो? कारण एका मिनिटाच्या व्हिडिओस शंभर मेगाबाईट किंवा त्याहूनही अधिक जागा लागते, म्हणजे पंचवीस-तीस छायाचित्रांची. त्यात रोज सकाळी येणारी फुलांची व सुविचारांची चित्रे आणि एकाच केकची दहा-दहा छायाचित्रे यांची भर पडते. फोलपट ते हेच.

पाखडणी कशी करावी?

समारंभ झाला त्याच रात्री, तेर्सानंतर, घरातील मंडळींनी एकत्र बसून चित्रे पाहावीत. हललेली, मिटल्या डोळ्यांची, एकसारखी चित्रे काढून टाकावीत व दहांतली दोन उत्तम राखावीत. व्हॉट्सअॅपवर येणारी चित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. व्हॉट्सअॅप सहसा चित्र लहान करून पाठविते. म्हणून महत्त्वाचे छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागून घ्यावे, म्हणजे ते मूळ आकारात मिळते.

पुसण्यापूर्वी मात्र दोन प्रती झाल्या आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. एक घरातील हार्ड डिस्कवर, दुसरी मुंबईत वा परदेशी असलेल्या आप्ताकडे. डिस्क हवाबंद डब्यात ठेवावी. आपल्या पावसाळ्यातील दमट हवा कोणाचीच गय करीत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता पंधरा गिगाबाईट मिळतात आणि त्यांतच ईमेलही मोजली जाते. शिवाय, मोबाईल तेथे जोडलेला असताना गूगल फोटोजमधून चित्र पुसले तर ते दोन्हीकडून जाते. जागा मोकळी करण्यासाठी तेथील ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. तो साठवण झालेल्या चित्रांची मोबाईलवरील प्रतच तेवढी काढतो.

वर्षअखेरीस वीस निवडक छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत व मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि तारीख लिहावी. या कामी आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही हा उत्तम धडा आहे. धर्मग्रामाने अशा नोंदी ठेवाव्यात असे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले. पेडण्याचे सेंट जोसेफ चर्च असो की डिचोलीचे अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च, एका बालकासाठी तेथे थोड्याच ओळी असतात. पण नाव, आईबाप, धर्ममातापिता, दिनांक, यांतले काही सुटत नाही. जागा थोडी, परंतु नोंद पुरती!

आमच्या व्हडल्या मायचे ते छायाचित्र अखेर आम्ही दोन इंचांच्या आकारात छापले. तेवढ्या आकारात ते स्वच्छ उमटले. तिचे हसूही दिसते. घरातील अल्ताराशी ते छोट्या चौकटीत ठेवले आहे. पण मणी काही मोजता येत नाहीत.

आपल्या घरी आजी-आजोबा असतील तर या रविवारी मिसेहून परतल्यावर त्यांना बल्कांवात बसवा, कॅमेऱ्याचा आकार पूर्ण आहे ना ते पाहा, आणि त्यांचे एक छायाचित्र घ्या. त्यासाठी जागा करावी लागली, तर ती फोलपट पाखडून करा.