गूगलला नवीन काही जमतं का?

१ एप्रिल २००४ ला गूगलने जीमेल जाहीर केलं तेव्हा अनेकांना तो चक्क 'एप्रिल फूल' वाटला. वाटणारच! हॉटमेल त्या वेळी २ एमबी जागा फुकट देत होतं आणि गूगल म्हणत होतं, १ जीबी घ्या. पुढे २००५ मध्ये मॅप्स आलं, २००८ मध्ये क्रोम. हात लावेल त्याचं सोनं व्हायचे ते दिवस.

मग गाडी अडली. २००९ चं वेव्ह, २०१० चं बझ, २०११ चं गूगल प्लस, २०१६ चं ॲलो, २०१९ चं स्टेडिया... सगळ्यांना कुलूप. 'गूगलचे दिवस सरले' असं म्हणणारे म्हणूनच भेटतात. पण जरा थांबा. २०१५ मध्ये आलेलं फोटोज चार वर्षांत एक अब्ज युजर्सच्या पुढे गेलं. भारतात २०१७ मध्ये आलेलं 'तेज' पुढच्याच वर्षी गूगल पे झालं आणि आज वडापावच्या गाडीवरही 'जीपे करू का?' असं सर्रास विचारलं जातं. म्हणजे जमतं तर! प्रश्न असा, की कधी जमतं?

गूगल प्लसचं बघा. सगळा मित्रपरिवार आधीच फेसबुकवर. नवी चावडी बांधली, पण गप्पा मारायला माणसं कुठून आणणार? यूट्यूबच्या लोकांना तिकडे ढकलूनही पाहिलं. शेवटी २०१८ मध्ये कंपनीनेच सांगून टाकलं, की ९० टक्के वेळा लोक पाच सेकंदांच्या आत बाहेर पडतात.

'तेज'ला ही अडचण नव्हती. बँकेतून बँकेत पैसे पाठवणारी यूपीआय यंत्रणा एनपीसीआयने २०१६ मध्येच उभी केली होती. समोरचा दुसरं ॲप वापरत असला तरी पैसे पोचतात. फोटोजचंही तसंच. फोनची मेमरी माझी भरली, सोय माझी झाली. मित्र असोत नसोत. थोडक्यात, जिथे गर्दी आधी जमवावी लागत नाही तिथे गूगल आजही जिंकतं.

दुसरी गोष्ट विश्वासाची. स्टेडियात गेम गूगलच्या सर्व्हरवर चालायचा, आपल्या स्क्रीनवर नुसतं चित्र यायचं. कल्पना झकास! पण बरेचसे गेम वेगळे विकत घ्यावे लागत. लोक म्हणाले, उद्या बंद केलं तर? २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झालेलं कोणी विसरलं नव्हतं. आणि झालंही तसंच: १८ जानेवारी २०२३ ला स्टेडिया संपलं. गेमचे पैसे परत मिळाले, पण शंका खरी ठरली ती ठरलीच. अब्जावधी युजर्सची सवय लागलेल्या कंपनीला काही लाखांचं गिऱ्हाईक म्हणजे अपयशच वाटतं. मग ती दुकान आवरते, आणि पुढच्या दुकानात शिरताना गिऱ्हाईक दारातच घुटमळतं.

तेव्हा मित्रांनो, गूगलची कल्पकता आटलेली नाही, कमी पडतो तो धीर. आपणही फायनल इयरचा प्रोजेक्ट एखाद्या कंपनीच्या नव्याकोऱ्या, फुकट सेवेवर उभा करतो. करा जरूर. फक्त 'ही चालते कशी?' याबरोबर 'ही बंद पडली तर माझ्या हातात काय उरेल?' हेही आधीच विचारून ठेवा.