भूप की देसकार?

परीक्षकांनी हार्मोनियम बाजूला सरकवली आणि स्वतःच गायला सुरुवात केली. सा, रे, ग, प, ध. पाचच स्वर, गंधारावर सावकाश थांबत. मग समोरच्या मुलीला विचारलं, ‘‘कोणता राग?’’

‘‘भूप.’’

‘‘आणि आता?’’ पुन्हा तेच पाच स्वर. पण या वेळी सूर खाली रेंगाळला नाही. पंचमावरून थेट धैवत गाठला, तिथे ठाम उभा राहिला, वरच्या षड्जाला शिवून परत धैवतावर आला. मुलगी घुटमळली. बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली. मग म्हणाली, ‘‘देसकार.’’

‘‘कशावरून?’’

‘‘भूपात ग वादी, देसकारात ध वादी.’’

‘‘ते पुस्तकात लिहिलेलं आहे. गाऊन सांग.’’

इथे परीक्षा खरी सुरू झाली. भूप कल्याण थाटातला, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार बिलावल थाटातला, सकाळचा, हे तिला तोंडपाठ होतं. पण गाताना तिचा देसकार दुसऱ्याच वळणावर गंधारावर बसला आणि भूप झाला. परीक्षकांनी तिला थांबवलं नाही. तिचं तिलाच ऐकू यावं म्हणून ते वाट बघत राहिले. तिसऱ्यांदा तिने धैवत सोडला नाही, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

यवतमाळात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालू होत्या. शाळेचा एक वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, मध्ये सतरंजी, एका कोपऱ्यात तबला-डग्गा आणि मोबाइलवर वाजणारा तानपुरा. केंद्र व्यवस्थापकांच्या हातात हजेरीचा कागद. बाहेर व्हरांड्यात घाटंजी, दारव्हा, नेर, राळेगावकडून एसटीने आलेले पालक. एक आई लेकीच्या वेणीला पुन्हा रिबन बांधत समजावत होती, ‘‘भेऊ नको व माय, गुरुजीनं शिकवलं तसंच म्हण.’’ आत काय चाललंय ते दाराच्या फटीतून ऐकण्याची मला मुभा होती, नंतर एका कोपऱ्यात बसण्याचीही मिळाली. गाण्याची परीक्षा कशी घेतात हे जवळून पाहायची माझी जुनी इच्छा होती. मैफलीबद्दल सगळे लिहितात. या वर्गात जे घडतं त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

या परीक्षा कुणी घडवल्या, हे पाहिलं की वर्गातल्या त्या ‘गाऊन सांग’चा अर्थ लागतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजदरबाराच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशावर चालणारी शाळा, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, गाण्याला घरंदाज मुलामुलींसाठी खुलं केलेलं दार. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून हे मंडळ स्थापन केलं. अहमदाबादशी या परंपरेचं जवळचं नातं होतं. पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गाणं शिकवत होते, आश्रमाची भजनावली त्यांनीच तयार केली होती.

या शिष्यमंडळीत नुसते शाळामास्तर नव्हते. विनायकराव पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका करत. दहा वर्षांच्या त्या रंगभूमीनंतर त्यांनी १९३२ मध्ये पुण्याला गांधर्व महाविद्यालय उघडलं आणि पुढे ‘राग विज्ञान’चे सात भाग लिहिले. नारायणराव व्यासांच्या तबकड्या ग्रामोफोन असलेल्या घराघरांत वाजत होत्या. त्यांचे बंधू शंकरराव व्यास चित्रपटांचे संगीतकार झाले. विजय भट्टांच्या १९४३ सालच्या ‘रामराज्य’चं संगीत त्यांचंच. बी. आर. देवधरांनी गिरगावात १९२५ मध्ये संगीत शाळा काढली, पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं, आवाज कसा लावावा याचा शोध घेतला, कुमार गंधर्वांना घडवलं आणि मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे मासिक अनेक वर्षं संपादित केलं.

रोजची भाकर ज्यांनी श्रोत्यांसमोर कमावली, त्यांनी शिक्षणाची संस्था हातात घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश मांडायची, ताना घेऊन समेवर यायचं. नारायणराव व्यासांसारख्यांनी ही शिस्त ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अंगी बाणवली होती. परीक्षेला बसलेल्या पोरीलाही मोजकीच मिनिटं असतात. गाणं थोडक्यात मांडलं म्हणून ते उथळ होत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. आणि नुसत्या व्याख्येने गाणं येत नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून लेखी पेपरच्या जोडीला प्रात्यक्षिक राहिलं. पहिल्या दोन पायऱ्यांना, प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथमला, लेखी पेपर नाहीच. लहान मुलाने समोर बसावं आणि गावं, वाजवावं, एवढंच. पुढे प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार अशी चढण.

यवतमाळातली गर्दी अर्थातच खालच्या पायऱ्यांची होती. आठ-नऊ वर्षांची मुलं आत यायची, नमस्कार करायची आणि सा लावताना एकदम वरच्या पट्टीत जायची. परीक्षक प्रत्येकाला पट्टी विचारत. कुणी ‘काळी चार’ म्हणे, कुणी गोंधळून ‘दुर्गा’ म्हणे. तेव्हा ते हसत आणि हार्मोनियमवर सूर देत. एकाला त्यांनी तीनतालाची दुगुन हातावर दाखवायला सांगितली. मुलगा टाळ्या वाजवत बोल म्हणत गेला, खालीला हात उलटा करायचा विसरला. ‘‘खाली कुठे?’’ ‘‘नवव्या मात्रेवर.’’ ‘‘मग हाताला सांग की.’’ मुलाने पुन्हा केलं, या वेळी नवव्या मात्रेवर हात आपोआप वळला.

एक गोष्ट परीक्षकांनी जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवली, ती मलाही सकाळपासून जाणवत होती. इथल्या मुलांचा आवाज खुला, उंच आणि निर्भय आहे. कारण घरोघर भजन आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं विदर्भातल्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळांनी जिवंत ठेवली आहेत, आणि भजनात आवाज चौकातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. तसा गळा घेऊन पोरगी ख्यालाकडे आली की पहिल्या वर्षी ओरडते, पण सूर धरून ओरडते. ‘‘हा गळा घासून गुळगुळीत करायचा नाही,’’ परीक्षक म्हणाले, ‘‘पट्टी जरा खाली आणायची आणि श्वास शिकवायचा.’’ देवधर असते तर तेही बहुधा इथूनच सुरुवात करते.

परीक्षांची सत्रं वर्षातून दोन. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दुसरं सत्र या जिल्ह्यात कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत येतं. शेतात माणसं कमी, मजुरी जास्त, घरातली मोठी मुलं वेचणीला. तालुक्याच्या गावात भाड्याच्या खोलीत वर्ग चालवणारे एक गुरुजी सांगत होते, त्यांच्याकडची निम्मी मुलं हिवाळ्यात फॉर्म भरतच नाहीत. रियाज होत नाही, आणि फीचे पैसे बोंड फुटल्यावरच हातात येतात. मे महिन्यात हीच मुलं उन्हाच्या झळा सोसत येतात, पण येतात. जिथे बहुतेक शेती पावसावर आणि कापसावर अवलंबून आहे, तिथे परीक्षेची तारीख हाही गाण्याच्या प्रसाराचाच भाग असतो. केंद्र ठरवणाऱ्यांनी शेताचं वेळापत्रक उघडून बघितलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या उत्तीर्ण परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागले तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. त्यावर नाक मुरडणारे भेटतात. मी त्यांच्यातला नाही. गुणांसाठी आलेल्या दहा मुलांतल्या एकाच्या कानात देसकारचा धैवत कायमचा बसला, तर ती गर्दी मला आनंदाची वाटते. घाई मात्र खुपते. एकामागून एक परीक्षा उरकायच्या म्हणून राग नुसता उरकला जातो, आणि ते परीक्षकाला पहिल्याच आलापात कळतं.

संध्याकाळी शेवटी आलेला विशारदचा विद्यार्थी बंजारा तांड्यावरचा होता. त्याची तयारी उत्तम होती. बंदिश संपल्यावर परीक्षकांनी सहज विचारलं, ‘‘घरी कोण गातं?’’ तो म्हणाला, आजी होळीला लेंगी म्हणते. ‘‘म्हण बरं.’’ तो लाजला, मग म्हणाला. तबल्यावर बसलेल्या साथीदाराने सुरुवातीला केहरवा धरला, पण गाण्याच्या ओळी ठेक्याच्या कधी पुढे, कधी मागे उतरत होत्या. त्याने हात थांबवला आणि ऐकत राहिला.

नंतर त्या मुलाने पिशवीतून वही काढली. पलुसकर पद्धतीच्या स्वरलिपीत तो आजीची लेंगी लिहायचा प्रयत्न करत होता. कोमल स्वरांना पाय मोडण्याचं चिन्ह, मंद्र सप्तकाला वर टिंब, सम ‘१’, खाली ‘+’. बरीच पानं खोडलेली. अडचण त्याने नेमकी सांगितली: आजी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ते मधलं अंतर कुठल्या चिन्हाने दाखवायचं? आणि पाच जणी एकत्र म्हणतात तेव्हा समच कुठे आहे ते कळत नाही.

या जिल्ह्यात लेंगी आहे, दंडार आहे, कोलामांचे ढोल आणि ढेमसा आहे. राज्यात आदिम जमात म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम एक, आणि त्यांची मोठी वस्ती केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागात आहे. यातलं काहीच परीक्षेच्या सतरंजीवर येत नाही. ख्यालासाठी जे १९३१ साली रंगमंचावरच्या आणि तबकड्यांवरच्या माणसांनी केलं, तेच या गाण्यांसाठी ती गाणारीच माणसं करू शकतील. ढोल वाजवून ज्यांचे हात तयार झाले, लग्न-होळीत ज्यांनी रात्र जागवली, त्यांना अभ्यासक्रम ठरवणाऱ्या टेबलाशी बसवलं पाहिजे. कोणतं गाणं कुणाला शिकवायचं, कोणतं सणाखेरीज म्हणायचंच नाही, आणि वर्गात आणल्यावर काय हरवतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

परीक्षकांनी वहीतली एकही ओळ खोडली नाही, फक्त पेन्सिलने बाजूला लिहिलं: ‘मींड – कण नाही’. मग मुलाला म्हणाले, मोबाइलवर आजीला आधी रेकॉर्ड कर, पाच जणींना एकत्र आणि मग एकेकीला वेगळं. लिहायचं त्यानंतर. मुलाने विचारलं, आजी एकटी म्हणेल का? एकटीने लेंगी म्हणत नाहीत आमच्यात. त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मग पाचही जणींसमोर एकेक फोन ठेव.’’