गोळी आधी, उलगडा नंतर

क्षयरोगावर आजही पहिल्या फळीत असलेलं आयसोनियाझिड १९१२ साली प्रागमध्ये हान्स मायर आणि योझेफ माली यांनी तयार केलं. त्याचा क्षयाशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९५१-५२च्या सुमारास तीन औषध कंपन्यांना स्वतंत्रपणे त्याचा गुण कळला आणि न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात खंगलेले रुग्ण हिंडूफिरू लागले. १९५९मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की, आयसोनियाझिड आणि पीएएस (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) ही औषधं घरी राहून घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात.

औषध लागू पडत होतं, पण ते जंतूला मारतं कसं, याचा पत्ता नव्हता. पहिला धागा १९५४मध्ये गार्डनर मिडलब्रुक यांच्या हाती लागला. क्षयजंतूंच्या वाढीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की फेस येतो. जंतूतलं कॅटलेज हे एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. औषधाला न जुमानणाऱ्या अनेक जंतूंवर मात्र फेसच येईना. एन्झाइम गमावून जंतू वाचतो, हे कोडं पुढची जवळपास चाळीस वर्षं सुटलं नाही.

१९९२मध्ये यिंग झांग, स्ट्युअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी हे कॅटलेज घडवणारं ‘कॅटजी’ जनुक शोधलं आणि घरभेदी सापडला. आयसोनियाझिड मुळात निरुपद्रवी असतं; जंतूचं स्वतःचं कॅटजी एन्झाइमच त्याला घातक रूप देतं. १९९४मध्ये विल्यम जेकब्स यांच्या गटाने औषधाचं लक्ष्य दाखवलं: ‘इन्हा’ हे एन्झाइम. जंतूच्या मेणचट भिंतीतल्या मायकोलिक आम्लाच्या लांबलचक साखळ्या घडवण्यात या एन्झाइमचा वाटा असतो. १९९८मध्ये स्फटिकरचनेतून दिसलं की, सक्रिय झालेलं औषध एनएडी या सहघटकाला जोडलं जातं आणि ती जोडगोळी इन्हाच्या खाचेत घट्ट बसते. साखळ्यांची वाढ खुंटते, भिंत उभी राहत नाही, जंतू मरतो.

जंतूचा बचावही तितकाच नेमका आहे. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या पेरॉक्साइडच्या माऱ्यापासून कॅटजी त्याला वाचवतं, म्हणून ते पूर्ण टाकून देणं महागात पडतं. त्यामुळे बहुतेकदा एन्झाइमच्या साखळीत ३१५व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन येतं: औषध जवळजवळ सक्रिय होत नाही, पण संरक्षण बऱ्याच अंशी टिकतं.

या ज्ञानाचा उपयोग आज थेट रुग्णाला होतो. थुंकीच्या नमुन्यावरच्या लाइन प्रोब या जनुकीय चाचणीत बिघाड कॅटजीत आहे की इन्हात, हे कळतं. इन्हाच्या बिघाडात वाढीव मात्रा अनेकदा कामी येते, पण तेच लक्ष्य असलेलं इथिओनामाइड हे क्षयाचं दुसरं औषध निकामी ठरू शकतं. कॅटजीच्या बिघाडात नेहमीच्या मात्रेवर विसंबता येत नाही. म्हणून औषधं पुन्हा तीच लिहून देण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. महिनोन्‌महिने नेमाने गोळ्या घेणाऱ्या माणसाचे कष्ट वाया जाऊ नयेत, एवढं तरी आता आपल्या हातात आहे.