डोके किती दिवस दुखले?

सीमाभागात मराठीची मागणी निघाली की यादी ठरलेली असते. जमिनीचे उतारे मराठीत द्या, परिपत्रके मराठीत काढा, बसच्या पाट्या मराठीत लिहा. या मागण्या रास्तच आहेत आणि समितीच्या कामात आम्ही त्यांचे अर्ज वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. दवाखान्यात रुग्णापुढे येणारा कागद मात्र या यादीत क्वचितच दिसतो. आज अशाच एका कागदाविषयी लिहायचे आहे. तो नुसता मराठीत आणून भागत नाही, म्हणून तो निवडला.

हा कागद अर्धशिशीचा, म्हणजे डॉक्टर ज्याला मायग्रेन म्हणतात त्या दुखण्याचा. या दुखण्याने सहसा माणूस मरत नाही, रक्त तपासून ते सापडत नाही, पण घरचा माणूस अंधाऱ्या खोलीत दिवस दिवस पडून राहतो. माणसाला जिवंतपणी निकामी करणाऱ्या विकारांमध्ये जागतिक रोगभाराच्या २०१६ च्या अभ्यासात मायग्रेनचा क्रमांक दुसरा लागला. मग हे नुकसान मोजायचे कसे? अमेरिकेतील वॉल्टर स्टुअर्ट आणि रिचर्ड लिप्टन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी ‘मिडास’ नावाची प्रश्नावली तयार केली. ती विचारते की दुखण्याने तुमचे किती दिवस खाल्ले.

प्रश्न अवघे पाच, सगळे गेल्या तीन महिन्यांविषयी. डोकेदुखीमुळे नोकरी वा शाळा किती दिवस चुकली? किती दिवस तिथले काम निम्म्यावर आले? घरकाम किती दिवस झालेच नाही? किती दिवस ते निम्म्यावर आले? घरचे, समाजातले वा विरंगुळ्याचे कार्यक्रम किती दिवस चुकले? या दिवसांची बेरीज करायची. ५ पर्यंत पहिली श्रेणी, ६ ते १० दुसरी, ११ ते २० तिसरी आणि २१ पासून पुढे चौथी. डोके एकूण किती दिवस दुखले आणि किती जोराने, हे आणखी दोन प्रश्न आहेत, पण ते बेरजेत धरत नाहीत.

ही बेरीज नुसती कागदावर राहत नाही. साध्या औषधाने सुरुवात करून गुण न आल्यास वर चढायचे, की श्रेणी पाहून पहिल्यापासूनच योग्य ताकदीचे औषध द्यायचे, याची तुलना करणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात श्रेणीप्रमाणे औषध दिलेल्यांना अधिक गुण आला. म्हणजे प्रश्न नीट न कळल्यामुळे एखाद्या बाईची बेरीज १४ ऐवजी ४ झाली, तर तिचे दुखणे किरकोळ ठरते आणि औषधही तसेच मिळते.

आता हे प्रश्न आपल्या मराठीत आणून पाहू. पहिली अडचण नावातच आहे. मूळ प्रश्नावली सगळ्या डोकेदुखीविषयी विचारते. भाषांतरात कोणी हौसेने ‘अर्धशिशी’ घातले, तर जिचे दोन्ही बाजूंनी दुखते ती बाई ‘मला तसलं काही नाही’ म्हणून मोकळी होईल. वास्तविक मायग्रेन दोन्ही बाजूंनीही असू शकते. दुसरी पाहा. डोके ठणकते, उलटी होते, उलटीनंतर बरे वाटते, याला आपल्या घरोघरी ‘पित्त’ म्हणतात. पित्ताचे दिवस डोकेदुखीत कोण मोजणार? शिवाय आपल्या बोलीत ‘टकुरं उठलंय’ हे दुखण्यालाही म्हणतात आणि वैतागालाही.

‘उत्पादकता निम्म्याहून कमी’ हे वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे. पण ते परिपत्रकाचे मराठी झाले. ‘रोजच्या मानाने निम्मंही काम झालं नाही, असे दिवस किती?’ असे विचारले तर निपाणीकडची विडीकामगार बाई कारकुनापेक्षा नेमके उत्तर देईल, कारण तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. घरकामाचा प्रश्न याहून अवघड. ज्या घरात चूल तिने नाही पेटवली तर कोणीच पेटवत नाही, तिथे ‘घरकाम झालेच नाही’ याचे उत्तर बहुधा शून्य येते. ती कपाळाला फडके बांधून भाकऱ्या थापतेच. तिचे दुखणे ‘निम्म्यावर’ आलेल्या दिवसांत लपलेले असते आणि तो प्रश्न खुबीने विचारावा लागतो. त्यातही आधीच्या प्रश्नात धरलेले दिवस पुन्हा धरायचे नाहीत, ही सूचना आहेच. आमच्या अनुभवात कंसातली सूचना परीक्षेला बसलेली मुलेसुद्धा वाचत नाहीत.

म्हणून तपासणी हवी. बी.एड.ला आम्ही कसोटीची विश्वसनीयता आणि सप्रमाणता शिकलो, तीच इथे लागते. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करायचे, ते जुळवायचे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचे. मग काही रुग्णांसमोर बसून ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळले?’ असे विचारायचे. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच माणसाला तीच प्रश्नावली देऊन उत्तरे जुळतात का ते पाहायचे. शेवटी रोजनिशीशी ताडायचे. मूळ प्रश्नावली १४४ रुग्णांच्या ९० दिवसांच्या रोजनिशीशी ताडली, तेव्हा सहसंबंध ०.६३ आला. आठवणीच्या मानाने हा बरा म्हणावा. इटालियन आवृत्तीची अशी तपासणी २००१ मध्ये आणि जपानी आवृत्तीची २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

आपल्याच राज्यातले उदाहरणही आहे. २००९-१० मध्ये बंगळूर शहर आणि भोवतालच्या खेड्यांत २,३२९ प्रौढांची डोकेदुखीची पाहणी झाली. प्रश्नावली मिडासहून वेगळी होती. पण ती कन्नडमध्ये आणून, तिची पारख करून मगच घरोघर विचारली गेली. वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचे प्रमाण तिथे सुमारे २५ टक्के निघाले. कन्नडमध्ये हे काम झाले याचा आम्हाला आदर वाटतो. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी बाईपुढे मात्र कन्नड किंवा इंग्रजी कागद आला, की बरोबर आलेला मुलगा नाहीतर परिचारिका उभ्या उभ्या त्याचे मराठी करते, दर वेळी निराळे. आणि घरातले काय राहून गेले, हे आई मुलाच्या तोंडासमोर सांगेल का?

तपासणीला कोण बसवायचे, हेही आताच बोलून ठेवतो. नुसते प्राध्यापक आणि आमच्यासारखे मास्तर बसवले, तर ‘उत्पादकता’ कायम राहील. खानापूरच्या जंगलाकडच्या दोन, निपाणीच्या दोन, शहापूर-वडगावच्या मागावरच्या दोन अशा बायका हव्यात. तीन महिने म्हणजे कधीपासून, हे त्यांना दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत असे सांगितले की चटकन उमगते. रोजनिशीसाठी वहीही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतातच, त्याच चौकोनात डोके दुखल्याची एक फुली मारायची.